मंगलीचा उष्टा बोकड

आमच्या शेजारच्या मंगलीकडे बकऱ्या पाच-सहा असायच्या, पण बोकड एकच, आणि तो तिचा नव्हता. तो देवाचा होता. देवाचा बोकड म्हणजे काय, ते ज्याच्या कुंपणावर वालाचा वेल आहे त्यालाच कळतं. त्याला कोणी बांधत नाही, मारत नाही, हाकलत नाही. तो वेल खातो आणि आपण हात जोडून बघायचं. आमच्या घरात तर हातही जोडायची सोय नव्हती, कारण माझ्या मालकांनी छप्पन साली चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नाही. म्हणजे पुण्य मंगलीचं आणि वाल आमचे.

मंगली गोंडाची. माहेर, सासर, देव, सगळं वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाच्या अंगाला. नवरा ब्रह्मपुरीकडच्या लाकडाच्या डेपोत कामाला लागला म्हणून ती इकडे आली. नवरा गेला, पुढे डेपोही हलला, ही राहिली. लोक म्हणाले, माहेरी जा. ती म्हणाली, "बकऱ्याईले इथलं पानी मानवलं." ब्याऐंशी साली जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा नदीच्या पलीकडचं सगळं गडचिरोलीत गेलं. मी तिला म्हटलं, मंगले, तू चांदा जिल्ह्यात राहिलीस आणि तुझा देव दुसऱ्या जिल्ह्यात गेला. ती बकरीचं दूध काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग त्यानं दाखला नवा काढला का?"

तिला माणसांची पारख नव्हती, बकऱ्यांची होती, म्हणून ती माणसंही बकऱ्यांच्या मापानं मोजायची. पोलीस पाटील म्हणजे शिंगं मोठी, अंगात काही नाही. माझा मुलगा खुशाल, जो कॉलेजात शिकवायचा, तो म्हणजे "चारा साराच खाते, पन अंगाले लागत नाई." खुशाल खरंच काटकुळा होता. त्यानं ते ऐकलं आणि हसला. शिकलेल्या माणसाला असं हसता येतं, कारण त्याला वाटतं हे आपल्याबद्दल नाहीच.

खुशाल जंतू शिकवायचा. जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. शिकवता शिकवता त्याला आणखी मोठी पदवी घ्यायची होती, त्यासाठी तो एक औषध तपासत होता. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात एक रस असतो म्हणे, एन्झाइम. तो जंतूंची कातडी विरघळवतो. म्हणून कोंबडीचं पिल्लू अंड्यात इतके दिवस सडत नाही. हाच रस आपल्या लाळेत आणि डोळ्यांच्या पाण्यातही असतो. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग आमच्या काळच्या बायांना एकही रोग व्हायला नको होता."

त्याला तो रस काढून पाहायचा होता की काळजाला लागणाऱ्या जंतूंवर चालतो का. ते जंतू असतात किडलेल्या दाढेत. बहुतेक लोकांच्या तोंडात ते निमूट राहतात, पण एखाद्याच्या काळजाची झडप आधीच खराब असली, की रक्तातून तिथे जाऊन बसतात आणि झडप खाऊन टाकतात. त्यामुळे आमच्या घरी त्या वर्षी अंड्यांचं पांढरं बाटलीत भरून कॉलेजात जायचं आणि पिवळं पातेल्यात उरायचं. पिवळ्याची भाजी, पिवळ्याचं कालवण, भातात पिवळं. सुनेनं एकदा विचारलं, "मामंजींच्या वेळेस तरी अख्खं अंडं खायचे का हो तुम्ही?" मी म्हटलं, तेव्हा अंडंच नसायचं.

आता सोमारीचं सांगते. सोमारी मंगलीची एकुलती लेक, लग्नाला आलेली. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा, आणि बरं वाटलं की ती पुन्हा बकऱ्यांमागे जायची. त्या हिवाळ्यात तिला ताप धरला. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. झाडपाला झाला, गोळ्या झाल्या. पोरगी वाळत गेली, उंबरठा ओलांडला तरी धाप लागायची. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाला, लहानपणच्या सांधेतापानं झडप बिघडलेली आहे आणि आता तिच्यावर जंतू बसलेत. नागपूरला न्या, नाहीतर मुलगी हाती लागणार नाही.

खुशालनं माझ्याकडे पाहिलं. ज्या रोगासाठी तो अंडी फोडत होता, तो रोग शेजारच्या खाटेवर येऊन पडला होता.

मंगलीनं दोन्हीकडे अर्ज केला. सकाळी अंगणात उभी राहून, नदीकडे तोंड करून नवस बोलली, की सोमारी आपल्या पायानं घरी आली तर तुझा बोकड यंदाच तुझ्या दारी आणून कापते. दुपारी बसमध्ये बसली. खुशाल सोबत गेला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या ओळखीचे लोक होते. जाताना मंगली मला म्हणाली, "बाई, बकऱ्या तुमच्या भरोशावर. न् त्याले काई म्हनू नका. त्यानं तुमचं घर खाल्लं तरी खाऊ द्या."

"घर नाई खात तो, वाल खाते," मी म्हटलं.

"तेच सांगून राह्यली."

दवाखान्यात सोमारीचं रक्त घेतलं, त्यातून जंतू वाढवला आणि ओळखला. तोच होता, दाढेतला. रोज सुया सुरू झाल्या, पेनिसिलीनच्या, आणि त्या कितीतरी आठवडे चालणार होत्या. खुशालच्या तिथल्या सरांनी त्या जंतूचं थोडं बियाणं बंद बाटलीत घालून खुशालला दिलं. तुझा अभ्यास यावरच आहे, खरा जंतू घे म्हणाले. खुशाल ती बाटली अशी घेऊन आला, जसा दुसरा कोणी साखरपुड्याचा नारळ आणेल.

पण हा जंतू खानदानी निघाला. साध्या खाण्यावर वाढेना, त्याला रक्त लागायचं. समुद्रातल्या शेवाळाची खळ शिजवायची, त्यात ताजं रक्त मिसळायचं, झाकणाच्या काचेच्या बश्यांत ओतून वडीसारखं थिजू द्यायचं आणि त्यावर जंतू पेरायचा. खुशालनं आधी मटणाच्या दुकानातून रक्त आणलं. त्यात आधीच इतक्या जातीचे जंतू होते की बशीवर आठवडी बाजार भरला. मग जिवंत जनावराचं, स्वच्छ सुईनं काढलेलं रक्त हवं झालं.

तो पुन्हा नागपूरला गेला तेव्हा त्यानं मंगलीला विचारलं, तुमच्या बकरीचं थोडं रक्त घेऊ का, बकरी मरत नाही. ती म्हणाली, "घे ना गा. माह्या पोरीचं डाक्टर रोजच काढून राह्यले, तिथी बकरीचं काय."

खुशाल परत आला आणि अंगणात बकऱ्या बघत फिरला. कोणी गाभण होती, कोणी पाजत होती. तगडा एकच होता, माझ्या वालावर पोसलेला.

"त्याले हात नको लावू," मी म्हटलं. "तो देवाचा हाये. तिनं बकरी म्हटलं."

"माय, याच्या रक्तात देव किती टक्के असेल?"

"ते तू मोज. मी सांगून ठेवते."

"बाबांनी हे सगळं छप्पन साली सोडलं."

"आपण सोडलं. तिनं नाई सोडलं."

"मी तिच्याच पोरीच्या रोगाचं औषध शोधून राह्यलो," खुशाल म्हणाला, आणि गेला दोरी आणायला. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला अडवता येत नाही. वाईट कामाला निघालेला निदान मागे वळून बघतो.

मानेवरचे केस वस्तऱ्यानं काढले. तिथे स्पिरिटचा बोळा फिरवला, थंडगार. बोकडानं असं अंग झाडलं की खुशालचा चष्मा ओट्याखाली गेला. त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी धरलं, त्यानं सुई लावली, बाटलीत थोडं रक्त घेतलं. बाटलीत काचेचे मणी होते. ती हलवत राहायची, म्हणजे रक्त गोठत नाही. मग खुशालनं खिशातून मूठभर चणे काढून त्याला दिले.

दर आठवड्याला हेच, पुढे अंगणाऐवजी कॉलेजाच्या मागच्या दाराशी. बोकडाला आधी चणे कळले, मग दोरी कळली, मग दिवस कळला. थोड्याच आठवड्यांत दोरीही लागेना. तो स्वतःच कॉलेजाच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. बोळा फिरला की डोळे मिटून मान पुढे करायचा, सलूनमध्ये बसलेल्या माणसासारखा.

उन्हाळा लागला तेव्हा सोमारी घरी आली. बसमधून उतरून आपल्या पायानं चालत आली, मंगली मागे गाठोडं घेऊन. सोमारी अंगणात टेकली, मी पाणी दिलं. मंगली आधी बोकडाकडे गेली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो मानेवर आला तसा थांबला.

"याचे केस कुठी गेले?"

मी खुशालला हाक मारली. हे मी सांगायचं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तुम्हीच घे म्हणाल्या होत्या, हेही सांगितलं.

"मी बकरी म्हनली," मंगली म्हणाली.

"थोडंच घेतलं, मंगलीबाई. त्याला काही झालं नाही."

"थोडं का लय, निंघालं नं." ती खाली बसली. "देवाचं व्हतं ते. देवाच्या आंदी कोनं घेतलं तर उष्टं होते. उष्टं मी देवाले कशी देऊ? न् नाई देलं तं हे पोरगी..." सोमारी पाणी पीत होती आणि मंगली तिच्या छातीकडे बघत होती, वर-खाली होते का ते.

खुशालला पहिल्यांदा घाम आला. देव त्याला समजत नव्हता, पण मंगलीचं बघणं समजलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ते रगत कुठी गेलं ते मले दाखव. मीही गेले. खुशालची प्रयोगशाळा म्हणजे जुन्या सायकल स्टँडला भिंती घातलेली खोली. एक लाकडी पेटी होती, तिच्यात बल्ब जळायचा, जंतूंना ऊब म्हणून. त्यातून त्यानं बशी काढली. लालभडक वडी, त्यावर बारीक बारीक दाणे, आणि दाण्यांभोवती रक्ताचा रंग उडून हिरवट झालेला.

"हे बोकडाचं रक्त," खुशाल म्हणाला. "आणि हे दाणे म्हणजे सोमारीच्या रक्तातून निघालेला जंतू."

मंगली एक पाऊल मागे सरली. "म्हंजे तिचा रोग हा?"

"हो. हाच."

"जित्ता?"

"जिवंतच."

"मी तिथी पोरगीजवळ हात जोडून बसली, न् तू इथी तिचा रोग पोसून राह्यला. तेही माह्या बोकडावर."

खुशालनं झाकण नीट दाबलं. मग त्याला वाटलं, औषध दाखवलं तर बरं. त्यानं दुसरी बशी काढली. तिच्यावर कागदाच्या टिकल्या होत्या, टिकल्या औषधात भिजवलेल्या. ज्या औषधानं जंतू मरतो, त्या टिकलीभोवती मोकळी जागा पडते, सारवलेल्या अंगणासारखी. एका टिकलीभोवती मोठं अंगण होतं.

"हे तुहं औषध?"

"नाही, ते पेनिसिलीन. सोमारीला देतात ते. माझं हे." त्यानं दुसऱ्या टिकलीवर बोट ठेवलं.

मंगली वाकली. "याले तर रोग खेटून बसला."

"हो," खुशाल म्हणाला. त्या एका 'हो'मध्ये आमच्या घरात खाल्लेलं सगळं पिवळं होतं.

त्याचं औषध अगदीच फुकट नव्हतं. आणखी एक बशी होती, तिच्यावर पिवळे जंतू पेरले होते, हवेत असतात तसले, बिनरोगाचे. त्यांचा त्या रसानं फडशा पाडला होता. ज्यांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं ते सगळे मेले होते आणि काळीज खाणारा मजेत होता. मी म्हटलं, "खुशाल, हे औषध सरकारी दिसते."

मंगलीनं एवढंच विचारलं, "हा रोग इथून सुटला तं पुन्ना तिच्याकडं येईन का?" खुशाल म्हणाला, काम झालं की सगळ्या बश्या कुकरमध्ये घालून शिजवून मारतो, एकही जिवंत सोडत नाही. "मंग आज शिजव," ती म्हणाली. त्यानं तिच्यासमोर कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

मोहाची फुलं वेचून झाल्यावर नदीपलीकडे जायचं ठरलं. उष्टा असो की कसा, बोललेला बोकड न्यायलाच हवा, पुढचं देव बघेल. पण मंगलीनं अट घातली, की ज्यानं रगत काढलं त्यानं देवासमोर सांगावं. खुशाल म्हणाला, मी देवळात-बिवळात येत नाही. मंगली म्हणाली, "देऊळ नाई तिथी, झाड हाये. झाडाले तं येशील." जीपमध्ये मी, मंगली, सोमारी, खुशाल आणि बोकड. जीपवाल्यानं बोकडाला पुढे बसवलं, कारण त्याला एकट्यालाच मळमळत नव्हतं.

ऐनाच्या मोठ्या झाडाखाली देवाची जागा. पुजारी वारलू. त्यांच्यात भूमक म्हणतात. म्हातारा, अंगानं वाळलेला, बोलणं सावकाश. सोयरे जमले होते, मोठाली भांडी आली होती. त्यांची रीत अशी की बोकडाच्या अंगावर पाणी टाकायचं. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवानं घेतला. नाही झाडलं तर देवाच्या मनात नाही, मग सुरीला हात लावायचा नाही.

वारलूनं मंत्र म्हटला आणि मानेवर पाणी टाकलं.

बोकडानं डोळे मिटले आणि मान पुढे केली.

वारलू थांबला. दुसऱ्यांदा पाणी टाकलं, जरा जास्त. बोकडानं मान आणखी लांब केली. मग एक डोळा उघडून गर्दीत खुशाल कुठे आहे ते बघितलं आणि चालत जाऊन त्याच्या पँटच्या खिशाला तोंड लावलं.

"झाडत नाई," कोणीतरी म्हणालं, जसं काय बाकीचे आंधळे होते.

मंगली बोकडाकडे बघतच नव्हती. सोमारी झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसली होती, तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे नागपूरच्या बसमध्ये चढताना होतं.

वारलू खुशालजवळ आला. "मास्तर, याले तुमी काय शिकवलं?"

"मी काही शिकवलं नाही."

"मंग तुमच्या खिशात काऊन तोंड घालते?"

खुशालनं सांगितलं. स्पिरिट, सुई, बाटली, चणे. पोराला खोटं बोलता येत नाही. हा त्याच्या वडिलांचा गुण, संसाराला तसाच निरुपयोगी.

"ते रगत कोनाले देलं?"

"सोमारीच्या रक्तातले जंतू होते, त्यांना."

"रोगाले?"

"हो, म्हणजे... हो."

"त्यानं खाल्लं?"

"खाल्लं."

"न् मंग?"

"मग मारले. कुकरमध्ये."

वारलू खाली बसला, चिलीम काढली, ती न पेटवता हातात धरून बसला. मग म्हणाला, "पोरीतून रोग काढला. बाहेर त्याले बोकडाचं रगत देलं. मंग इस्तवावर घालून मारला. मास्तर, आमी इथी दुसरं काय करतो?"

"तसं नाही ते," खुशाल म्हणाला.

"मंग कसं?"

खुशालनं समजावलं. जंतू कसा वाढतो, टिकली कशी ठेवतात, अंगण कसं पडतं, सगळं सांगितलं. जितकं समजावलं तितकं ते वारलूच्या म्हणण्यासारखंच होत गेलं. शेवटी त्यालाही ते ऐकू आलं असावं, कारण तो मध्येच थांबला. मग म्हणाला, "पण माझ्या औषधानं काही झालं नाही. सोमारी इंजेक्शनानं बरी झाली. हे मात्र खरं."

"तुमचं औषध कायचं?"

"अंड्याचं."

वारलूनं मान हलवली, झालं समाधान अशी. "देवानं घेतलेलं हाये. एकदा घेतलं ते तो पुन्ना घेत नाई. म्हनून बोकड झाडत नाई. नवस फिटला."

"पक्का?" मंगलीनं विचारलं.

"पक्का."

मंगलीनं श्वास सोडला. किती महिन्यांचा अडवला होता कोण जाणे. आणि श्वास आल्याबरोबर जीभही आली. सोयऱ्यांकडे वळून म्हणाली, "अंड्याचं औषध बनवलं गा यानं. मी नवस बोलली बोकडाचा, न् हा देवाले कोंबडीवर भागवते. कसं लागू पडन?"

सगळे हसले, फक्त पाहुण्यांतले जे मटणासाठी दूरवरून आले होते ते हसले नाहीत. त्यांना वरण-भात आणि वांगी वाढली. जेवताना ते खुशालकडे बघत होते. बोकड त्यांच्या पंगतीतून फिरून आला, पत्रावळ्या चाटत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, की सोमारीला दर तीन आठवड्यांनी एक सुई पुढे वर्षानुवर्षं घ्यावीच लागेल. सांधेताप पुन्हा आला तर ती झडप सोसणार नाही. आणि मंगली आता म्हणू लागली, "नवस फिटला. फिटल्यावर सुई काऊन?" सोमारी तर वाटच बघत होती. ती सुई जाड, दोन दिवस बसणं मुश्कील. सुईची एक पाळी चुकली.

खुशाल रोज शेजारी जाऊन बसायचा. मंगली त्याला चहा द्यायची, ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुह्या औषधाचं काय झालं ते पाह्यलं नं आमी?" पाहिलं नाही असं तो कसं म्हणणार? मी म्हटलं ना, खोटं येत नाही. "माय, ती मरेल," तो मला म्हणाला. "खरंच मरेल. आणि मी काय सांगू? वारलूनं तिला बरी ठरवलं, तेही माझ्याच तोंडून ऐकून."

तेवढ्यात आठवड्याचा तो दिवस उजाडला आणि बोकड सवयीनं कॉलेजाच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मंगली त्याला शोधत आमच्याकडे आली. खुशाल ओसरीवर होता.

"अजून जाऊन राह्यला तो," मंगली म्हणाली. "फिटलं म्हनते वारलू, मंग हा काऊन जाते? देव अजून घेऊन राह्यला का?"

खुशालच्या मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तो तसबिरीकडे पाठ करूनच उभा राहिला. मग म्हणाला, "मंगलीबाई, बोकड देऊन राह्यला तोवर सोमारीनं घ्यावं लागते. त्यानं मान पुढं करायची आणि इनं घरी बसायचं, हे बरं दिसते का?"

मंगलीनं विचार केला. "नाई दिसत," ती म्हणाली.

खोटं तो तेव्हाही बोलला नाही. देव हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. मंगलीनं म्हटला तो त्यानं खोडला नाही, एवढंच.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी ती वरात निघायची. पुढे बोकड, मागे सोमारी तोंड वाकडं करून, तिच्या मागे मंगली. दवाखान्यात सुई, कॉलेजात बाटली. बोकडाचं झालं नाही तर मंगली सोमारीचं झालं मानायची नाही, त्यामुळे खुशालला रक्त नको असलं तरी काढावं लागायचं. पुढे त्याचा अभ्यास संपला. त्याला पदवी मिळाली. हे औषध ह्या जंतूवर चालत नाही, असं त्यानं जाडजूड पुस्तकात लिहून दिलं आणि मोठ्या लोकांनी ते मान्य केलं. आमच्या घरी अख्खी अंडी आली. तरी त्याचं सुई आणि बोळा घेऊन उभं राहणं सुटलं नाही. एकदा कॉलेजातल्या एका सरांनी त्याला विचारलं, आता हे रक्त कशाला? खुशाल म्हणाला, "कंट्रोल म्हणून." मला त्याचा अर्थ माहीत नाही, पण ते सर मान हलवून पुढे गेले.

सोमारीचं लग्न झालं, गावातच, सुईच्या अटीवर. तिला धाप लागते अजून, चढावर. पण चढते.

बोकड म्हातारा होऊन मेला. देवाचा बोकड म्हातारा होऊन मेलेला आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता, म्हणून लोक बघायला आले. उष्टा होता तो, म्हणून कोणी कापला नाही, कोणी विकत मागितला नाही. मंगलीनं त्याला माझ्या कुंपणापाशी पुरायचं म्हटलं, वालांना खत होईल म्हणून. मी म्हटलं, पुर. त्यानं घेतलेलं परत करू दे थोडं.

चार दिवसांनी सुईची पाळी होती. सकाळीच मंगली आमच्या दारात आली. सोमारी मागे उभी होती, आणि मंगलीच्या काखेत एक काळं बकरीचं पिल्लू. त्याच्या मानेवरचे केस आधीच वस्तऱ्यानं काढलेले होते, वेडेवाकडे.

"खुशालभाऊ," ती म्हणाली, "याले सवय लाव."

खुशाल चष्मा पुसत उभा राहिला. पिल्लाकडे बघितलं, सोमारीकडे बघितलं. मग आत वळून मला विचारलं, "माय, घरात चणे हायेत का?"